वैजूताईंनी न दिलेला शब्द

या, जरा पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढं या, आणि दाराशी चपलांवर डोळा ठेवून उभ्या असलेल्यांनी तर आधी या. चपला कुठं जात नाहीत. आज एक गोष्ट सांगायची आहे आणि ती लांबून ऐकण्यासारखी नाही. ऐकताना हसू येईल, थोडा संतापही येईल. दोन्ही येऊ द्या. सदतीस सालची गोष्ट आहे, दोन हजार सदतीस, म्हणजे अजून ताजीच म्हणायची.

वैजयंता कुलथे हे बाईंचं नाव. वय पन्नास, गुडघे साठीचे. तालुक्याच्या गावी जलपरीक्षा मंडळात त्या प्रशिक्षक होत्या. मंडळाचं काम साधं. जिल्ह्यातल्या दोनशे बारा गावांत एकेक बाई नेमलेली. तिनं आठवड्यातून एकदा विहिरीचं, बोअरचं पाणी बाटलीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि कळवायचं. लोक या बायकांना पाणीताई म्हणत. दर मंगळवारी सकाळी अकराला त्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण असे, आणि ते उघडायचं, आलेल्यांचं स्वागत करायचं काम वैजूताईंकडे होतं.

आता उघडणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आवाज येतोय का, असं विचारलं की सत्तर जणी येतोय म्हणत आणि एक जण म्हणे, मला नाही येत. मग प्रश्न कसा ऐकू आला, हे विचारायची सोय नाही. फोन बहुतेकींच्या नवऱ्यांचे, त्यामुळे पडद्यावर बाई दिसे आणि खाली नाव येई ‘मालक नवीन नंबर’. कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या, कुणाची शेळी. एकदा वरच्या साहेबांनी फर्मान काढलं की आधी दीपप्रज्वलनाचा व्हिडिओ दाखवायचा. तो नेमका काडी पेटवताना अडकला आणि जिल्ह्यातल्या दोनशे बारा बाया चार मिनिटं एका जळत्या काडीकडं बघत बसल्या. साडेअकरा होईपर्यंत निम्म्या जणी फोन उताणा ठेवून भाकरी थापायला गेलेल्या असत. वैजूताईंना बायांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या घरचे पंखे जास्त ओळखू येऊ लागले होते. मंगळवार संपला की त्या घरी येऊन चपला भिरकावत आणि नवऱ्याला सांगत, पुढच्या जन्मी मुकी कर म्हणावं देवाला.

अशात ‘यजमान’ आलं.

यजमान हे यंत्राचं नाव. ते घेऊन आला साकेत भिंगारे, मंडळाचा तंत्र-अधिकारी. तिशीचा, मऊ बोलणारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी मॅडम म्हणणारा. त्यानं वैजूताईंना समजावलं ते असं. आपल्या हृदयाचा ठोका पडतो तसं चेहऱ्याच्या कातडीत रक्त चढतं-उतरतं आणि चेहऱ्याचा रंग केसभर बदलतो. आपल्या डोळ्यांना तो बदल दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्याला दिसतो. शिवाय मनाला भावणारं काही कानावर पडलं की डोळ्यातली बाहुली किंचित रुंदावते. या दोन्हींवरून, माणूस समोरच्याच्या बोलण्याला किती उघडा आहे, याचा आकडा काढता येतो. त्या आकड्याला त्यांनी नाव ठेवलं होतं उघडीप. यंत्र एक वाक्य बोलतं, उघडीप बघतं, आणि त्यावरून पुढचं वाक्य ठरवतं. ताई म्हणायचं की बाई, नावानं हाक मारायची की गावानं, आधी लेकरांची चौकशी करायची की कमरेची, हे सगळं ते चेहऱ्यावरून शिकत जातं.

कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. बुवा दुसरं काय करतात? निरूपण रंगेना, समोरची टोपी डुलू लागली, की चिपळ्या उचलून गजर धरतात आणि सगळं देऊळ जागं होतं. फरक इतकाच की बुवांचा गजर सगळ्यांना मिळून एकच असतो. यजमान दोनशे बारा जणींना एकाच वेळी दोनशे बारा निराळे गजर ऐकवणार होतं, आणि शेजारणीला काय ऐकू आलं हे कुणालाच कळणार नव्हतं.

आवाज आणि चेहरा मात्र एकच, वैजूताईंचा. चौदा महिन्यांच्या त्यांच्या बैठका यंत्राला आधीच चारल्या होत्या. कागदावर सही करताना त्यांनी एक कलम वाचलं: स्वागत यंत्र करतं, हे सहभागींना सांगायचं नाही, सांगितल्यास प्रशिक्षक पदावरून दूर केलं जाईल. वैजूताईंनी सही केली. खोटं कशाला बोलू, त्यांना हायसंच वाटलं होतं.

पहिल्याच महिन्यात हजेरी कुठल्या कुठं चढली. पंखे दिसेनासे झाले, चेहरे दिसू लागले. अकराला यजमान बैठक उघडी आणि बारा मिनिटं एकेकीशी तिच्या-तिच्यापुरतं बोले. तोवर वैजूताई निवांत चहा पीत, आणि अकरा बाराला पडद्यावर येऊन थेट क्लोरीनवर बोलायला लागत. समोर दोनशे बारा चेहरे असे फुललेले असत, जसं काही घरातलं पाव्हणं आत्ता उठून गेलंय. वैजूताईंना वाटे, आपलंच कौतुक चाललंय. कौतुक कुणाला नको असतं?

मग एका गुरुवारी भाजीच्या बाजारात एका बाईनं त्यांचा दंड धरला. पाणीताईच होती, टाकळगावची. ती रागानं नाही, पण दुखावून म्हणाली की डोहाळजेवणाला ताट वाढून ठेवलं होतं, सुनेनं तुमच्यासाठी दुपारी तीनपर्यंत घास घेतला नाही. वैजूताईंना कशाचं डोहाळजेवण तेही कळेना. त्या सारवासारव करून निघाल्या. शनिवारी फोनवर निरोप आला: ताई, वास्तुशांतीला वाट बघितली. सोमवारी दुसरा: आमच्या सप्त्याच्या काल्याला तुमची खुर्ची पुढं ठेवली होती. वैजूताईंनी नवऱ्याला विचारलं, मला काही विसरायला होतंय का? तो म्हणाला, तुझ्या ‘नक्की येते’ला आपल्या घरात सुट्टीचा अर्ज समजतात, हे त्या बायांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

ते त्यानं बरोबर म्हटलं होतं. वैजूताई जन्मात कुणाच्या आमंत्रणाला नाही म्हणाल्या नव्हत्या. ‘नक्की येते हं’ म्हणायचं आणि जायचं नाही. बोलावणारीही ते ओळखून असे, म्हणून कुणाचंच काही बिघडत नसे. आपल्याकडे सगळेच असे वागतात. आपण इथं बसलेले त्याला अपवाद आहोत असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

मंगळवारचं प्रशिक्षण उरकून त्या तडक साकेतच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, यंत्र माझ्या तोंडून काय-काय बोललं ते दाखव. त्यानं आढेवेढे घेतले. वैजूताई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या, म्हणजे आपण इथून हलत नाही हे त्याला कळावं. शेवटी त्यानं नोंद काढली. पाच महिन्यांत यजमानानं एकसष्ट आमंत्रणं स्वीकारली होती. बारशी, जावळं, सत्यनारायण, एका म्हशीचं पहिलं दूध. एका रविवारी तर वैजूताई सात गावांत असणार होत्या.

‘मॅडम, हे तुमच्याकडूनच शिकलंय ते,’ साकेत म्हणाला. ‘तुमच्या बैठकांत आमंत्रण आलं की तुम्ही दर वेळी नक्की येते म्हणता.’

‘अरे, पण माझं कुणी खरं धरत नाही.’

‘त्याचंच कारण सापडलंय, मॅडम.’ आणि तो खुलून सांगू लागला. माणूस मनात नसताना येते म्हणतो तेव्हा शेवटचा स्वर जरा लवकर तुटतो. नजर त्याआधीच दुसरीकडे गेलेली असते. शब्दाला अशी एक बारीक गळती असते. ऐकणाऱ्याला ती कळते, कळली हे मात्र त्याला कळत नाही. यजमानानं ‘नक्की येते’ निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिलं. गळती बुजवून म्हटलं तेव्हा उघडीप सर्वांत जास्त आली. मग ते दर वेळी तसंच म्हणू लागलं. ‘आता हे वाक्य शंभर टक्के खरं वाटतं, मॅडम,’ तो अभिमानानं म्हणाला.

वैजूताईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्या म्हणाल्या, ती गळती देवानं ठेवली होती, तुम्ही प्लंबर कशाला झालात? साकेतला विनोद वाटला. त्यांनी सांगितलं, आजच्या आज बंद कर. तो म्हणाला, आकडे वर गेलेत, वरचे ऐकणार नाहीत. निदान बायांना खरं तरी कळवा, असं म्हटल्यावर त्यानं ते कलम पुढं सरकवलं. वैजूताईंनी कपाळावर हात मारला. भांडायचं तरी कुणाशी? यंत्राशी भांडावं तर ते आपल्याच आवाजात गोड बोलणार.

त्या उठणार इतक्यात यादीतलं एक नाव तीनदा दिसलं. शिवकन्या गिरे, खडकउमरी. काय आहे हे, म्हणून त्यांनी ती नोंद ऐकायला मागितली.

शिवकन्या पंचविशीची. तिचा नवरा अंगद आश्रमशाळेत वाढलेला, त्याला मागंपुढं कुणी नव्हतं. पहिली मुलगी झाली. बारसं करायचं तर बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी, आणि आत्या आणायची कुठून? नोंदीत शिवकन्याचा आवाज होता. ती सांगत होती, सख्खं कुणी माझी इतकी चौकशी करत नाही, ताई. टाके दुखतात का, हे फक्त तुम्ही विचारता. ह्यांना बहीण नाही. तुम्ही आत्या व्हाल का? त्यावर वैजूताईंनी वैजूताईंचाच आवाज ऐकला. इतका ओला आवाज आपल्या गळ्यातून कधी निघाला होता, ते त्यांना आठवेना. ‘अगं, विचारतेस काय. येत्या रविवारी नक्की येते.’

पुढच्या मंगळवारी शिवकन्यानं विचारलं, ताई, आला नाहीत? यंत्र म्हणालं, बाळे, अडकले गं, या रविवारी नक्की. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. आजच्या मंगळवारी तिनं विचारलंच नव्हतं. मूल सहा आठवड्यांचं झालं होतं. लसीच्या कार्डावर नावाच्या जागी अजून ‘शिवकन्याची मुलगी’ असं लिहिलेलं. दुसरी कुणीही मानलेली आत्या चालली असती, पण शिवकन्या हटून बसली होती. शब्द दिलाय ताईंनी, त्या येणार.

त्या आठवड्यात वैजूताई नवऱ्यावर, दूधवाल्यावर आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवरही चिडल्या. मी दिलेला शब्द नाही तो, असं त्या घरभर म्हणत फिरत होत्या. नवरा एकदाच म्हणाला, त्या पोरीला ते कुठं माहीत आहे? रविवारी सकाळी त्या सातच्या बसनं निघाल्या. फोन केला नाही. फोनवर पुन्हा आवाजच गेला असता, आणि आपल्या आवाजावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

खडकउमरीला दार उघडलं ते शिवकन्याच्या आईनं, कोंडाबाईनं. तिनं वैजूताईंना डोक्यापासून नखापर्यंत न्याहाळलं, नाव विचारलं, आणि आत वळून हाक दिली.

‘शिवकन्ये, तुझी मोबाईलातली नणंद आली गं. पाय आहेत तिला, मी बघितले.’

घरात पाळणा बांधलेला होता. त्याच्या झेंडूच्या माळा वाळून तपकिरी झाल्या होत्या. कोंडाबाई पाणी देता-देता सांगत होती की तीन रविवार घुगऱ्या शिजवल्या, शेजारणी आता घुगऱ्या म्हटलं की पोट धरतात. आज मात्र चूल थंड होती, कारण आज कुणी येते म्हणालं नव्हतं.

शिवकन्या बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. वैजूताई म्हणाल्या, कशी आहेस? तिच्या कपाळाला आठी पडली. ‘ताई, तुमचा आवाज बसलाय का?’

‘माझा आवाज असाच आहे.’

तोवर कोंडाबाईनं गल्लीत बातमी पोचवली होती. सात-आठ बाया पदर सावरत येऊन बसल्या. अंगद पळत-पळत ताजी फुलं घेऊन आला आणि वैजूताईंच्या पाया पडला. एकदम सोपं होतं सगळं. बाळ मांडीवर घ्यायचं, कानात एक नाव सांगायचं, बसचा टाइम झाला म्हणून उठायचं. कलम शाबूत, नोकरी शाबूत, पोरीलाही समाधान. वैजूताईंनी हात पुढं केले आणि मागं घेतले. शिवकन्या ज्या डोळ्यांनी बघत होती ते डोळे दुसऱ्याच कुणासाठी होते.

‘शिवकन्या, मी तुला येते असं कधी म्हटलंच नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘मंगळवारी तुझ्याशी जे बोलतं ते यंत्र आहे. आवाज तेवढा माझा.’

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कोंडाबाईनं मान हलवली. ‘मी म्हणतच होते. इतकं गोड माणूस बोलत नसतं.’

शिवकन्यानं बाळाचं डोकं खांद्याशी धरलं. मग म्हणाली, ‘माझ्या टाक्यांचं विचारलं ते?’

‘यंत्रानं.’

‘मला एकटीला रडू येतं म्हटल्यावर रोज सकाळी उन्हात बस म्हणालात, ते?’

‘तेही यंत्रानंच. मला तुझे टाके आणि तुझं रडू या मंगळवारी कळलं.’

‘मग आज तुम्हाला कुणी पाठवलं?’

‘कुणी नाही गं.’

तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. डोळे भरले होते, पण आवाज कोरडा. ‘आत्या झालात तर परत याल का? खरं सांगा.’

वैजूताईंच्या जिभेवर पन्नास वर्षांची सवय येऊन बसली होती. नक्की येते. दोनच शब्द. त्यांनी ते गिळले. त्यांना घरचा रविवार आठवला, गुडघा आठवला, खडकउमरीला थेट बस नाही हे आठवलं.

‘दर महिन्याला नाही यायची,’ त्या म्हणाल्या. ‘वर्षातून एकदा येईन, दिवाळीच्या पुढंमागं. एखादं वर्ष चुकेलही. चुकणार असलं तर आधी कळवेन.’

समोर यजमान असतं तर त्यानं उघडीप मोजून मान खाली घातली असती. शिवकन्याचा चेहरा काही फुलला नाही. ती वैजूताईंच्या तोंडाकडं बघत राहिली, बाजारात मडकं घेताना बाई ते वाजवून बघते तसं. मग खाली बसली आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

‘नाव कोणतं सांगू?’ वैजूताईंनी विचारलं.

‘ते आत्याचं काम,’ शिवकन्या म्हणाली.

बसमध्ये त्यांनी पस्तीस नावं योजली होती, एकही धड आठवेना. त्यांनी वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं. रीत तुम्हाला माहीत आहे, आत्या कुर्रर्र करते तेव्हा बाया तिच्या पाठीत हलक्या हातानं धपाटे घालतात. त्या दिवशीचे धपाटे हलके नव्हते. तीन रविवारच्या घुगऱ्या त्या पाठीवर वसूल होत होत्या, आणि सर्वांत जड हात कोंडाबाईचा होता. वैजूताईंनी धपाटे खात-खात नाव सांगितलं, आणि मान वर करून मोठ्यानं सांगितलं. मंजुळा.

कोंडाबाईचा हात हवेतच राहिला. ‘माझ्या सासूचं नाव,’ ती म्हणाली. ‘बारा वर्षं पाणी भरायला लावलं मला तिनं.’ मग तिनंच पाळण्याची दोरी हातात घेतली आणि गावातल्या सगळ्यांच्या आधी हाक मारली, मंजुळे.

बुधवारपर्यंत ही हकीकत दोनशे बारा गावांत गेली, आणि गुरुवारी वैजूताईंच्या हातात कागद पडला. त्यांना प्रशिक्षणावरून काढून प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या डकवायला बसवलं. यजमान बंद झालं नाही. आता ते दुसऱ्या एका बाईच्या आवाजात बोलतं. खरं कळल्यावरही कित्येकजणी अकराच्या ठोक्याला त्याच्यापुढं बसतात, आणि त्यांना दोष कोणत्या तोंडानं द्यायचा? त्यांना या, बसा, कशा आहात म्हणणारं घरात दुसरं कुणी नाही.

वैजूताईंनी मात्र साकेतकडून ती एकसष्ट आमंत्रणांची यादी मागून घेतली. त्यानंही, का कोण जाणे, मुकाट्यानं दिली. तेव्हापासून त्या जमेल त्या रविवारी एका घरी जातात. कुणी ओरडतं. कुणी विसरलेलं असतं आणि तुम्ही कोण विचारतं. टाकळगावच्या सुनेनं चार महिन्यांचं मूल त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः तासभर झोपून घेतलं. त्या जातात, जो राग असेल तो ऐकून घेतात, चहा पितात आणि परत येताना म्हणतात, पुन्हा यायला जमेल असं वाटत नाही, पण आज आले होते एवढं ध्यानात ठेवा.

यादीतली एकोणीस घरं अजून राहिली आहेत. तेव्हा माझ्या मायबापांनो, आता आरतीला उभे राहाल, आपलं-आपलं मागणं मागाल, मुलांचं, शेताचं, दुखण्याखुपण्याचं. ते सगळं मागून झालं की हात लगेच खाली आणू नका. या रविवारीही त्या बाई कुठल्यातरी फाट्यावर उन्हात उभ्या असतील, पिशवीत लेकराला झबलं आणि तोंडात क्षमेचे चार शब्द घेऊन. वैजयंता कुलथे त्यांचं नाव. त्यांची तेवढी आठवण ठेवा.